पाय आमचा, प्रश्नावली तुमची

म्हैसूरहून टी. नरसीपूरकडे जाताना वरुणा हे गाव लागते. रस्त्यालगत मोठे तळे, कालव्याच्या पाण्यावर भात आणि ऊस. राजकारणात या नावाला वजन आहे. सिद्धरामय्या २००८, २०१३ आणि २०२३ साली याच नावाच्या मतदारसंघातून निवडून आले आणि त्यांतल्या दोन वेळा मुख्यमंत्री झाले. माझ्या पीएच.डी.च्या क्षेत्रकार्यासाठी गेली दीड वर्षे मी या भागातल्या दलित वस्त्यांत जाते. शेतमजुरांचे दीर्घ आजार आणि त्यांची मजुरी हा माझा विषय. मी अक्कलकोटकडची. घरात मराठी, गल्लीत कानडी. त्यामुळे भाषेची अडचण येणार नाही अशा भ्रमात मी इथे आले. म्हैसूरकडच्या कानडीने तो पहिल्याच आठवड्यात मोडला. दुसरा एक भ्रम मोडायला मात्र बराच वेळ लागला. मी संशोधक आहे, म्हणजे प्रश्न मी विचारायचे, हा तो भ्रम.

तो मोडला एका अव्वाने. वय पंचावन्नच्या आसपास, आयुष्यभर दुसऱ्याच्या शेतात मजुरी. 'सक्करे कायिले', म्हणजे आपल्याकडे ज्याला शुगर म्हणतात ती, दहा-बारा वर्षांपासून. उजव्या पायाचा अंगठा काढलेला आणि त्याच्याच मागे तळव्यावर रुपयाएवढी जखम. माझ्या अकरा पानी प्रश्नावलीत एक प्रश्न होता: तुम्ही अनवाणी चालता का? पर्याय तीन: नेहमी, कधीकधी, कधीच नाही.

अव्वाने विचारले, "कुठे?"

माझ्याकडे 'कुठे'चा रकाना नव्हता. मग तिनेच सांगायला सुरुवात केली. लावणीच्या चिखलात चप्पल कोण घालतं? ज्यांच्या शेतावर जाते त्यांच्या अंगणात शिरताना चप्पल फाटकाबाहेर काढायची, ती सासूपासून चालत आलेली रीत. देवळाबाहेर काढायची. आणि दवाखान्यात ड्रेसिंगच्या खोलीबाहेरही काढायची, त्याच फरशीवरून सगळे जखमा घेऊन जातात. "आता तुझ्या कागदावर काय लिहिणार, मगळे?"

मी 'नेहमी'वर खूण केली. दुसरे काही करता येत नव्हते. तीच खूण पुढे संगणकात जाणार होती आणि तिथून बाहेर पडताना तिचे रूप ठरलेले होते: 'रुग्णांमध्ये पायाच्या निगेबाबत जागरूकतेचा अभाव आढळतो.'

निघताना तिने आणखी एक गोष्ट सांगितली. माझ्या आधी एका संस्थेची माणसे येऊन गेली होती. पायाला धागा टोचून 'समजतंय का' विचारले, जखमेचा फोटो घेतला, कागदावर अंगठा घेतला आणि गेली. "त्या फोटोचं पुढे काय झालं?" ती मला विचारत होती, जणू आम्ही सगळे एकाच घरचे. एका अर्थाने आहोतच.

हा लेख त्या प्रश्नाचे उत्तर नाही. तो प्रश्न विचारण्याचा अधिकार कोणाचा, याबद्दल आहे.

आधी आजाराची व्याप्ती पाहू. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 'इंडियाब' अभ्यासाचे देशव्यापी निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांनुसार देशात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३.६ कोटी त्याच्या उंबरठ्यावर आहेत. मधुमेह असलेल्या माणसाला आयुष्यात कधीतरी पायाला अशी जखम होण्याची शक्यता जागतिक अभ्यासांत १९ ते ३४ टक्के मानली जाते. भरलेली जखम वर्षभरात पुन्हा होण्याचे प्रमाण ४० टक्क्यांच्या आसपास आहे. रक्तातली साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली की पायाच्या नसा बधिर होतात. चपलेतला खडा टोचत नाही, तापलेली वाट भाजत नाही. तळव्याच्या एकाच जागी दाब पडत राहतो, तिथे घट्टा होतो, घट्ट्याखाली मांस फुटते. रक्तपुरवठाही कमी झालेला असेल तर जखम भरत नाही, संसर्ग हाडापर्यंत जातो. मग बोट, मग पाऊल, मग गुडघ्याखालचा पाय. ज्याची मजुरी पायांवर उभी आहे, त्याच्यासाठी हा क्रम म्हणजे आधी काम जाणे, मग कर्ज होणे आणि शेवटी घरातल्या पोराची शाळा सुटणे.

वैद्यकीय संशोधनात गेली काही दशके एक विचार जोर धरतो आहे: रुग्ण हा अभ्यासाचा विषय नसून भागीदार आहे. १९८३ साली अमेरिकेत डेन्व्हर येथे एड्स झालेल्या लोकांनी जाहीरनामा मांडला आणि आपल्याबद्दलच्या निर्णयांत प्रत्येक पातळीवर जागा मागितली. ब्रिटनमध्ये १९९६ साली 'इन्व्हॉल्व' ही यंत्रणा आली. २००४ साली 'जेम्स लिंड अलायन्स' सुरू झाली. तिच्यात रुग्ण, त्यांची काळजी घेणारे घरचे लोक आणि डॉक्टर एकत्र बसून कोणत्या प्रश्नांवर आधी संशोधन व्हावे याची यादी ठरवतात. पायाच्या जखमांच्या संशोधनातही आता ही भाषा आली आहे. रुग्णाने प्रश्न ठरवायचे, माहितीपत्रक तपासायचे, कोणत्या निकालाला यश म्हणायचे ते सांगायचे. डॉक्टरला जखमेचे क्षेत्रफळ महत्त्वाचे वाटते; रुग्णाला आपण पुन्हा कामावर कधी जाणार हे.

हा विचार मला मान्य आहे. पण तो जसाच्या तसा इथे आणला तर त्याचे काय होईल, हेही मला दिसते आहे. 'रुग्ण-भागीदार' म्हणून खुर्चीवर बसेल तो शहरातला, इंग्रजी येणारा, निवृत्तिवेतन घेणारा, दुपारच्या ऑनलाइन बैठकीला हजर राहू शकणारा सवर्ण गृहस्थ. त्यालाही मधुमेह आहे, त्याच्याही वेदना खऱ्या आहेत. पण तो लावणीच्या चिखलात कधी उतरलेला नाही आणि कोणाच्या फाटकाबाहेर त्याला चप्पल काढावी लागलेली नाही. तरी अहवालात लिहिले जाईल: रुग्णांचा सहभाग घेण्यात आला.

आंबेडकरी वाचकाला हा पेच नवा नाही. २७ जानेवारी १९१९ रोजी साउथबरो समितीपुढे साक्ष देताना तरुण आंबेडकरांनी नेमका हाच मुद्दा मांडला होता. अस्पृश्यांची मते कोणीतरी दुसऱ्याने सभागृहात मांडणे पुरेसे नाही, अस्पृश्य माणूस स्वतः तिथे असला पाहिजे, असा त्यांचा युक्तिवाद होता. मतांचे प्रतिनिधित्व वेगळे आणि माणसांचे प्रतिनिधित्व वेगळे. त्याच्याही आधी, २६ जुलै १९०२ रोजी शाहू महाराजांनी कोल्हापुरात मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखल्या. आणि मी जिथे बसून हे लिहिते आहे त्या म्हैसूर संस्थानात नाल्वडी कृष्णराज वोडेयरांनी १९१८ साली लेस्ली मिलर समिती नेमली. सरकारी नोकऱ्यांतली ब्राह्मणांची मक्तेदारी मोडून इतरांना जागा कशी द्यायची, हे तिने सुचवायचे होते. म्हणजे कोल्हापूर आणि म्हैसूर या दोन्ही मातींना प्रतिनिधित्वाचा प्रश्न शंभर वर्षांपासून ठाऊक आहे. कचेरीला लावलेले माप आपण प्रयोगशाळेला अजून लावलेले नाही, एवढेच.

'रुग्णाला विज्ञानातले काय कळते?' असे विचारणाऱ्यांनी या विज्ञानाचाच इतिहास पाहावा. बधिर पायाच्या जखमेचे शास्त्र मुळात कुष्ठरुग्णांच्या पायांवर उभे आहे, आणि त्याचा मोठा भाग इथून चार-पाच जिल्हे पलीकडे, तामिळनाडूतल्या वेल्लोरला घडला. पॉल ब्रँड हे शल्यचिकित्सक तिथे १९४०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून काम करत होते. तोवर समज असा होता की कुष्ठरोगात बोटे आपोआप सडून गळतात. ब्रँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या लक्षात आले की मांस सडत नाही. वेदना कळत नाही म्हणून माणूस रोज स्वतःला इजा करून घेतो. रुग्णांची बोटे रात्रीतून कमी होतात हे कोडे सुटले ते रात्री पहारा ठेवल्यावर: उंदीर कुरतडत होते आणि झोपलेल्या माणसाला ते कळत नव्हते. मग रुग्णांना मांजरी पाळायला दिल्या गेल्या. हे ज्ञान त्यांच्या झोपण्याच्या, स्वयंपाकाच्या, कुदळ धरण्याच्या पद्धतीतून आले. ते रोज कसे जगतात हे पाहिल्याशिवाय आणि त्यांच्याशी बोलल्याशिवाय ते सापडले नसते. १९६६ साली ब्रँड अमेरिकेत कारव्हिलच्या कुष्ठरोग रुग्णालयात गेले आणि तिथून हे शास्त्र मधुमेही पायापर्यंत पोचले. आज जगभर पायाची संवेदना तपासायला वापरतात तो नायलॉनचा धागा, सूक्ष्म छिद्रांच्या रबराची मऊ चप्पल, पूर्ण पायाला घट्ट बसणारे प्लास्टर, या सगळ्यांचे नाते कुष्ठरुग्णांच्या पायांशी आहे. शोधाला नाव डॉक्टरांचे लागले. ज्यांच्या पायांनी तो शोध लावायला मदत केली, त्यांची नावे कोणत्या पाठ्यपुस्तकात आहेत?

त्या चपलेचीही एक गोष्ट आहे. कुष्ठरोग कार्यक्रमात ती रुग्णांना मोफत दिली जाते. पण अनेकांनी ती घालायचे नाकारले, कारण ती चप्पल दिसली की गावाला रोग कळायचा. कार्यक्रम राबवणाऱ्यांना हे अनुभवाने उशिरा कळले. पहिल्या नमुन्याच्या वेळी दोन रुग्ण टेबलाशी बसवले असते तर पहिल्या दिवशी कळले असते. रुग्णाला भागीदार करणे म्हणजे हेच. त्यात परोपकार काही नाही, संशोधन नीट व्हावे यासाठीची ती अट आहे.

आता जातीकडे येऊ. इथेच सभ्य चर्चा अस्वस्थ होते. 'जंतूला जात नसते' हे वाक्य मला वेगवेगळ्या परिसंवादांत ऐकवले गेले आहे. जंतूला नसेल. पण पाय जंतूपर्यंत कसा पोचला, याला जात आहे. पुरुषसूक्ताने शूद्राला पायातून जन्माला घातले. पायाला लागणारे चामडे ज्याने कमावले त्याला गावाबाहेर ठेवले. आणि त्याच गावाने दलिताने पायात काय घालावे हेही ठरवले. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अकरा राज्यांतल्या ५६५ गावांच्या अस्पृश्यता-पाहणीत सवर्ण वस्तीतून चप्पल घालून जायला मनाई असल्याच्या नोंदी आहेत. ज्या समाजात अनवाणी असणे हा काहींसाठी भक्तीचा आणि काहींसाठी हुकमाचा भाग आहे, तिथे 'अनवाणी चालता का' या प्रश्नाला तीन पर्याय देणे हे अज्ञान आहे. ते माझ्याकडूनही झाले, समाजशास्त्राची पदवी हातात असताना.

वैद्यकीय संशोधनाने जात मोजलीच नाही असे नाही. मोजली, पण कशी ते पाहा. रुग्णाचा सामाजिक-आर्थिक दर्जा काढायला शहरात कुप्पुस्वामी मापनी वापरतात. शिक्षण, व्यवसाय, उत्पन्न. जात त्यात नाही. ग्रामीण भागासाठी उदय पारीक यांची १९६४ची मापनी आहे. तिच्यात जात आहे: अनुसूचित जातीला सगळ्यात कमी गुण, गावातल्या प्रभुत्वशाली जातीला सगळ्यात जास्त. म्हणजे जात हा रुग्णाच्या अंगावरचा एक उणा गुण ठरला. त्याच्यावर इतरांनी काय लादले हे त्या गुणात कुठेच येत नाही. मापनी बनवताना मजुराला विचारले असते तर त्याने जातीचा रकाना निराळा मागितला असता: तुला चप्पल कुठे काढावी लागते? तुझ्या जखमेला हात कोण लावतो?

हा दुसरा प्रश्न मी मुद्दाम लिहिते आहे. मधुमेही रुग्णाचे पाय नियमितपणे उघडून, हाताने चाचपून पाहावेत, हे मार्गदर्शिकांत लिहिलेले आहे. वरुणा परिसरातल्या ज्या रुग्णांशी मी बोलले त्यांच्यातल्या बहुतेकांना आपला तळवा डॉक्टरने शेवटचा कधी हातात घेतला हे आठवत नव्हते. जखम धुण्याचे, पू पुसण्याचे काम कोणाकडे येते? दवाखान्याच्या उतरंडीत सगळ्यात खाली असलेल्या माणसाकडे, आणि तो कोणत्या समाजातला असतो हे वाचकाला सांगायला नको. त्या माणसाने शेकडो जखमा भरताना आणि चिघळताना पाहिलेल्या असतात. त्याला संशोधनाच्या बैठकीला कोणी बोलावल्याचे मी पाहिलेले नाही.

गोपाळ गुरू यांनी २००२ साली 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त समाजशास्त्रांबद्दल एक बोचरे निरीक्षण मांडले होते. इथे सिद्धांत मांडणारे ब्राह्मण ठरतात आणि अनुभवाचा कच्चा माल पुरवणारे शूद्र. वैद्यकीय संशोधनात ही विभागणी अधिक उघडी आहे, कारण इथला कच्चा माल म्हणजे खरोखरच रक्त, मांस आणि फोटो. म्हैसूर आणि पुणे ही मधुमेहाच्या संशोधनात जगाला माहीत असलेली नावे आहेत. म्हैसूरच्या होल्ड्सवर्थ रुग्णालयाने १९३४ पासूनच्या जन्मनोंदी जपून ठेवल्या होत्या. त्यांच्या आधारे तेव्हा जन्मलेली माणसे शोधून, बाळाचे जन्मावेळचे माप आणि पुढे होणारा मधुमेह यांचा संबंध १९९८ साली मांडला गेला. पुण्याच्या केईएम रुग्णालयाने १९९३ पासून आसपासच्या गावांतल्या गरोदर बायांचा आणि त्यांच्या मुलांचा माग ठेवला. भारतीय बाळ वजनाने कमी असूनही चरबीने तुलनेत जास्त असते, ही जगाला नवी असलेली गोष्ट तिथून कळली. हे काम मोलाचे आहे आणि पिढ्यान्‌पिढ्या लोकांशी नाते ठेवून केलेले आहे. मी त्याला नावे ठेवत नाही. मी एवढेच विचारते की जी शरीरे जगाला सिद्धांत देऊ शकतात, त्यांची डोकी पुढचा प्रश्न का ठरवू शकत नाहीत?

न विचारता केलेल्या संशोधनाचे दुसरे टोक आपण पाहिले आहे. २००९ साली तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातेतल्या बडोदा जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील लशीचा प्रकल्प हजारो मुलींवर राबवला गेला. खम्ममच्या मुलींत आदिवासी वसतिगृहांतल्या अनेक जणी होत्या. आईबापांच्या जागी वसतिगृहाच्या अधीक्षकांनी संमतीच्या कागदांवर सह्या केल्या. सात मुलींच्या मृत्यूंनंतर २०१० साली प्रकल्प थांबला. त्या मृत्यूंचा संबंध लशीशी नसावा, असे चौकशीत म्हटले गेले. पण संमतीचे काय, यावर २०१३ साली संसदेच्या स्थायी समितीने कडक ताशेरे ओढले. मुलींचे शरीर घेतले, सही तिसऱ्याची.

त्यानंतर नियम सुधारले, हे मान्य. २०१७च्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या नैतिक मार्गदर्शिका आणि २०१९चे औषधचाचणी नियम या दोन्हींनुसार नीतिमत्ता समितीत एक सामान्य, बिगरवैद्यकीय सदस्य असावा लागतो. मार्गदर्शिकेत त्याची पात्रता दिली आहे, आणि त्यातला एक शब्द मला खटकतो: साक्षर. अव्वा साक्षर नाही. म्हणजे तिच्या पायावर संशोधन करायला तिचा अंगठा चालतो, पण ते संशोधन योग्य आहे का हे ठरवायला तोच अंगठा चालत नाही.

आता आक्षेपांकडे वळते. पहिला आक्षेप: रुग्णांना विचारत बसलो तर शास्त्रीय कसोटी सैल होईल. उलट आहे. तळव्याच्या जखमेवरचा दाब काढून घेणे हा उपचाराचा गाभा आहे. मधुमेही पायावरील आंतरराष्ट्रीय कार्यगटाच्या २०२३च्या मार्गदर्शिकेत त्यासाठी गुडघ्यापर्यंतचे, रुग्णाला काढता न येणारे साधन पहिल्या पसंतीचे आहे. शास्त्र म्हणून ते बरोबर आहे. पण लावणीच्या हंगामात ते कित्येक आठवडे पायाला बांधून शेतमजूर बाई घरी बसेल, असे गृहीत धरणारी चाचणी अर्ध्यावर गळती लागून मोडते, आणि मग गळतीला 'रुग्णाचे असहकार्य' असे नाव दिले जाते. बुडालेली मजुरी चाचणीच्या खर्चात धरली असती तर गळती थांबली असती. हे गणित मजूर बाईला तोंडपाठ आहे आणि संशोधकाला नाही. अडाणी कोण?

दुसरा आक्षेप: सरकारी योजना आहेत, उपचार मोफत आहेत, मग भागीदारी कशाला? योजनेत भरती झाल्यावरचा खर्च निघतो. आयुष्मान भारतमध्ये घरी गेल्यानंतरचे पंधरा दिवस धरलेले आहेत. मधुमेही पायाची जखम महिनोन्‌महिने चालते. म्हणजे पाय कापण्याचा खर्च मिळतो, तो कापू नये म्हणून लागणारे रोजचे ड्रेसिंग, चप्पल आणि बुडालेला रोज यांचा नाही. कर्नाटकात जून २०२३ पासून बायांना सरकारी बस मोफत आहे. त्यामुळे अव्वा दवाखान्यात जाऊ तरी शकते. पण तिला आधार द्यायला नवरा गेला तर त्याचे भाडे लागते आणि दोघांची मजुरी जाते. 'मोफत' या शब्दाचा अर्थ कोणी ठरवायचा, हाही संशोधनाचाच प्रश्न आहे.

तिसरा आक्षेप आपल्याच माणसांचा आहे आणि तो मला सर्वात जड वाटतो. एक कार्यकर्ता म्हणाला, "ताई, आणखी एका समितीत आणखी एक शोभेची खुर्ची. आपली माणसं वापरली जातील, सही घेतली जाईल आणि संशोधनाला आंबेडकरी शिक्का मिळेल." ही भीती रास्त आहे. एकटा दलित सदस्य दहा प्राध्यापकांसमोर बसवला तर तसेच होईल. म्हणून खुर्ची किती, कोणाची आणि तिच्या हातात काय, हे आधी ठरले पाहिजे. खुर्ची नको म्हणणे हा मात्र उपाय नाही. आपण रिकामी सोडलेली जागा रिकामी राहत नाही, तिथे दुसरा कोणीतरी आपल्या नावाने बोलायला बसतो.

म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत. पायाच्या जखमेवर सार्वजनिक पैशातून होणाऱ्या प्रत्येक संशोधनात प्रश्न ठरवण्याच्या टप्प्यापासून रुग्णांचे मंडळ असावे. त्यात किमान निम्मी माणसे श्रम करणाऱ्या दलित, आदिवासी, मागास आणि मुस्लिम वस्त्यांतली असावीत आणि बाया असाव्यात. साक्षरतेची अट काढावी. बैठक त्यांच्या भाषेत, त्यांच्या गावात, त्यांच्या वेळेला व्हावी आणि दिवसाच्या मजुरीपेक्षा कमी नसलेला मोबदला त्याच दिवशी हातात मिळावा. चप्पल बनवणारे कारागीर आणि जखमा बांधणारे कर्मचारी यांना जाणकार म्हणून बोलवावे आणि शोधनिबंधात त्यांची नावे, त्यांची इच्छा असेल तर, लागावीत. जातीचा रकाना असावा, पण रुग्णाला गुण द्यायला नव्हे, भेदभावाच्या नोंदीसाठी. आणि ज्या वस्तीतून फोटो नेला त्या वस्तीत निष्कर्ष घेऊन परत यावे, नाहीतर पुढच्या प्रकल्पाला मंजुरी देऊ नये.

हे दुसऱ्यांना सांगण्याआधी मी माझ्या प्रश्नावलीपासून सुरुवात केली. अव्वा आणि तिच्यासारख्या आणखी सहा जणांना, एका संध्याकाळी, काम आटोपल्यावर एकत्र बसवले. त्यात चप्पल शिवणारे एक म्हातारे गृहस्थही होते. प्रश्न मोठ्याने वाचले. बरेच त्यांनी काढून टाकायला सांगितले. 'अनवाणी'च्या जागी 'चप्पल कुठे काढावी लागते' हा प्रश्न आला. 'डॉक्टरांनी सांगितलेली विश्रांती घेता का' याच्या जागी 'विश्रांती घेतली तर घरात त्या दिवशी कोण कमावतं' हा आला. एका बाईने विचारले, चिखलात न निसटणारी, धुता येणारी आणि रोग्याची न दिसणारी चप्पल कोणी का करत नाही? म्हाताऱ्यांनी तिथेच तिचा पाय मांडीवर घेतला, बोटांनी मापला आणि पट्टा कुठून फिरवावा लागेल ते दाखवले. त्या संध्याकाळी पहिल्यांदा कोणीतरी तो तळवा नीट हातात घेतलेला मी पाहिला. माझा अभ्यास त्यामुळे लांबला आहे, विद्यापीठात दुरुस्तीचे अर्ज करावे लागले आहेत. तरीही अभ्यास म्हणण्याच्या लायकीचा तो आत्ता कुठे झाला आहे.

बाबासाहेबांना मधुमेह होता. १९४८च्या सुरुवातीला, संविधानाच्या मसुद्याचे काम चालू असताना, पायांतल्या नसांच्या वेदनांनी त्यांना रात्रीमागून रात्री झोप मिळत नव्हती. त्यांच्या घरात पुढे डॉ. सविता आंबेडकर होत्या, इन्सुलिन होते, तरी ती वेदना शेवटपर्यंत सुटली नाही. त्यांच्या छायाचित्राखाली बसणाऱ्या वरुणाच्या बायांना मी हे सांगितले तेव्हा त्या गप्प झाल्या. मग अव्वा म्हणाली, त्यांचेही पाय दुखत होते आणि तरी ते लिहीत होते, आम्हाला निदान बोलू तरी द्या.

तिने अजूनही मला सोडलेले नाही. प्रत्येक भेटीत विचारते, त्या फोटोचं काय झालं. मला माहीत नाही. ज्यांना माहीत आहे त्यांनी वरुणाला यावे आणि तिला सांगावे. येताना चप्पल फाटकाबाहेर काढायची गरज नाही.

जय भीम.